हातचा एक दिवस

दिल्लीच्या दक्षिण भागात रामकृष्णपुरम नावाची एक विस्तीर्ण वसाहत आहे. हे पूर्ण नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. बसच्या वाहकापासून मंत्रालयातल्या सचिवापर्यंत सारेजण तिला आर. के. पुरम असेच म्हणतात. केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी ती वसविण्यात आली, आणि साठीच्या दशकापासून भारताच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे तिच्या निरनिराळ्या सेक्टरांत नांदत आली आहेत. तमिळ, मल्याळी, बंगाली, पंजाबी बिऱ्हाडांच्या शेजारी सांगली-साताऱ्याकडची आणि नागपूर-अमरावतीकडची बिऱ्हाडेही आहेत. ह्या वसाहतीत डोंगर म्हणावा असा उंचवटा जवळजवळ एकच. सातव्या सेक्टरातल्या एका टेकाडावर स्वामिनाथाचे देऊळ आहे. त्याला मलै मंदिर म्हणतात. तमिळ भाषेत मलै म्हणजे डोंगर. नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाला त्या नावात दुधावरची मलई दिसते आणि तो गालातल्या गालात हसतो, ही गोष्ट वेगळी.

पण एवढ्याशा टेकाडावर समाधान मानणारी ही वसाहत नव्हे. उत्तरेकडे काही तासांच्या अंतरावर हिमालय उभा आहे, ही जाणीव येथे बाराही महिने जागी असते. एप्रिल संपत आला, लू वाहू लागली, मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की जिन्यात, हिरवळीवर आणि भाजीच्या गाड्यापाशी एकच विषय निघतो : यंदा डोंगरात कोठे जायचे? पूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर रेल्वेचे वेळापत्रक आणि परिवहन मंडळाची बस देत असे. आता इमारतींच्या पुढे मोटारींची दाटी झाली आहे, आणि स्वतःची मोटार स्वतः हाकीत डोंगरात जाण्याची हौस घरोघर शिरली आहे. ही हौस मला वाईट वाटत नाही. वाटेल तेथे थांबावे, झऱ्याचे पाणी तोंडावर मारावे, मुलांना ढग दाखवावा, ह्यात जे स्वातंत्र्य आहे ते तिकिटाच्या प्रवासात नाही. मात्र स्वातंत्र्य आले की त्याबरोबर हिशेबही आला. बसमध्ये बसणाऱ्याचा हिशेब बसवाला करतो; स्वतः चाक हाती धरणाऱ्याला तो आपला आपणच करावा लागतो. श्रोतेहो, त्या हिशेबाविषयी आज चार शब्द बोलावे, असा माझा विचार आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक तरुण मागे माझ्याकडे आपला बेत घेऊन आला होता. दिल्लीहून सिमल्यावरून किन्नौर, तेथून स्पितीचे खोरे, आणि कुंझुम खिंडीतून मनालीला उतरून परत, अशी त्याची वाट होती. हिमालयातल्या अत्यंत रमणीय रस्त्यांत ह्या वाटेची गणना होते, ह्यात संशय नाही. तो म्हणाला, “काका, सगळे मिळून दीड हजार किलोमीटर. ताशी साठ धरले, तर पंचवीस तास. पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला आहे, वर दोन दिवसांची रजा टाकली आहे. शुक्रवारी रात्री दोन वाजता निघालो, की बुधवारी सकाळी कचेरीत हजर.”

“अरे, तुझा भागाकार अगदी बरोबर आहे,” मी म्हणालो, “पण त्यात डोंगर कोठे आला?”

तो थोडा गोंधळला. परंतु प्रश्न थट्टेचा नव्हता. मैदानात अंतराला वेळेने भागता येते, कारण तेथे रस्ता हा रस्ताच असतो. डोंगरात रस्ता हा नदी, दरड, बर्फ आणि माणसाचा श्वास ह्यांच्याशी केलेला एक तात्पुरता करार असतो. दिल्लीहून अंबाला सुमारे दोनशे किलोमीटर आहे. पहाटे निघालेली मोटार साडेतीन-चार तासांत तेथे पोचते. स्पितीतल्या काझ्याहून कुंझुम खिंडीवरून मनालीला यायचे, तर अंतर जवळजवळ तेवढेच. पण त्याला आठ ते दहा तास लागतात, आणि तेही सारे सुरळीत असेल तर. किलोमीटरचा दगड दोन्हीकडे सारखाच उंच असतो, म्हणून दोन्हीकडचा किलोमीटर सारखा ठरत नाही.

आपल्या भाषेत ह्यासाठी एक फार समर्पक शब्दप्रयोग आहे. जुने लोक ‘मजल दरमजल करीत’ प्रवास करीत. मजल म्हणजे एका दिवसाची वाट. सकाळचा मुक्काम सोडल्यापासून रात्रीचा मुक्काम येईपर्यंतची. वाट सपाट असली तर मजल लांब, घाटाची असली तर आखूड. म्हणजे अंतर मोजण्याचे माप कोसाचे नव्हते, माणसाच्या आणि बैलाच्या ताकदीचे होते. घरातून निघण्यापूर्वी मुहूर्तावर प्रस्थान ठेवण्याची चाल होती : शेजाऱ्याच्या घरी गाठोडे नेऊन ठेवायचे आणि मग सवडीने निघायचे. त्या चालीत भाबडेपणा असेल; पण निघणे आणि पोचणे ह्यांच्यामध्ये काही अवकाश असावा लागतो, हे शहाणपणही तिच्यात होते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले. पुढे काय वाढून ठेवले आहे ह्याची त्यांना कल्पना नव्हती. ते बंडाच्या वणव्यात सापडले, मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले, आणि घरी पोचले ते गंगेची कावड घेऊन. निघण्याचा दिवस आपल्या हाती असतो. परतण्याचा दिवस वाटेच्या हाती असतो, हे त्या काळच्या प्रवाशाला कोणी शिकवावे लागत नसे. आम्ही मात्र परतीचा दिवस आधी ठरवितो आणि उरलेल्या दिवसांत डोंगर कोंबून बसवितो.

डोंगराच्या हिशेबात पहिली गोष्ट पंचांगाची. ह्या वाटेवर कल्पा नावाचे गाव आहे. त्याचे जुने नाव चिनी. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक बहुतेक ठिकाणी १९५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली. पण हिवाळ्यात ह्या भागाच्या वाटा बर्फाखाली जातात, म्हणून तेथले मतदान १९५१ च्या ऑक्टोबरातच उरकण्यात आले. कल्प्याचे शिक्षक श्यामसरण नेगी ह्यांनी २५ ऑक्टोबर १९५१ रोजी मत दिले, आणि पुढे स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचे नाव देशभर झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये, शंभरी ओलांडल्यानंतर, ते वारले. एवढ्या मोठ्या प्रजासत्ताकाने आपली पहिली निवडणूक आखताना डोंगराच्या पंचांगापुढे मान तुकवली. मग आपण आपल्या चार दिवसांच्या रजेसाठी डोंगराने मान तुकवावी अशी अपेक्षा का बाळगावी?

आमच्या तरुण मित्राने निवडलेला पंधरा ऑगस्टचा सुमार ह्या दृष्टीने सर्वांत वाईट. दिल्लीकराला जोडून सुट्ट्या मिळतात त्या नेमक्या ह्या वेळी, आणि हिमाचलच्या खालच्या डोंगरात पाऊस भर असतो तोही ह्याच वेळी. २५ जुलै २०२१ रोजी सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून सुटलेले धोंडे पर्यटकांच्या गाडीवर आले आणि नऊ जण दगावले. त्यानंतर तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच ११ ऑगस्टला किन्नौरमधल्या निगुलसरी येथे हमरस्त्यावर दरड कोसळली. तिच्याखाली एक प्रवासी बस आणि काही वाहने गाडली गेली, अठ्ठावीस माणसे मृत्युमुखी पडली. २०२३ च्या जुलैत बियास नदीने मंडी ते मनाली ह्या टप्प्यातला रस्ता ठिकठिकाणी वाहून नेला, आणि त्याच दिवसांत कुंझुमपलीकडच्या चंद्रतालापाशी सुमारे तीनशे माणसे बर्फात अडकून पडली. त्यांना सुखरूप बाहेर काढायला काही दिवस लागले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑगस्टला, सिमल्यातल्या समर हिल येथे दरडीने शिवमंदिर गिळले, आणि तिथल्या रेल्वेचे रूळ खालची माती निघून गेल्यामुळे अधांतरी लोंबकळत राहिले. ही नावे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. त्या प्रत्येक ठिकाणी अडकलेल्यांत असेही लोक असणार, की ज्यांना परतीच्या तारखेने तेथे आणून सोडले होते.

दरड हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले, ते दुःख आपण विसरलेलो नाही. तरीसुद्धा सह्याद्री आणि हिमालय ह्यांच्यात एक मोठा भेद आहे, आणि खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात मोटार हाकण्याचा सराव असलेल्या माणसाने तो लक्षात ठेवावा. सह्याद्री हा म्हातारा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा त्याचा काळा कातळ थरावर थर बसून घट्ट झालेला आहे. हिमालय त्या मानाने कोवळा. भारतभूमी उत्तरेकडे रेटते आहे आणि तो अजून उठतो आहे. त्याच्या अंगावरची माती आणि दगड अद्याप आपल्या जागी स्थिरावलेले नाहीत. उंचीचा फरक तर विचारूच नका. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. सिमल्याचा बाजार सुमारे २,२०० मीटरवर भरतो. म्हणजे आपला डोंगर जेथे संपतो, त्याच्याही वर तेथले भाजीवाले बसलेले असतात.

ह्या उंचीवरून हिशेबातली दुसरी गोष्ट निघते, आणि ती श्वासाची. दिल्ली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आहे. काझा ३,६५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही किंचित कमी असतो. प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला जे मिळायचे, ते तेवढ्या प्रमाणात घटते. शरीर ह्या तुटीशी जमवून घेते. पण त्याला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. १९६२ च्या युद्धाच्या सुमारास मैदानातले जवान विमानाने एकदम अतिशय उंच ठाण्यांवर नेले गेले, तेव्हा ह्या आजाराचे भयंकर रूप आपल्या सैन्याला पाहावे लागले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १,९२५ सैनिकांच्या निरीक्षणांवर आधारलेला जो निबंध १९६९ साली प्रसिद्ध केला, तो ह्या विषयात जगभर प्रमाण मानला गेला. आजही आपल्या लष्करात ९,००० ते १२,००० फुटांच्या पहिल्या टप्प्यावर जवानाला सहा दिवस सरावासाठी ठेवतात. तो जवान तरुण, कसलेला आणि तपासलेला असतो. आपण खुर्चीत बसून फायली पाहणारे. आपल्याबरोबर सहा वर्षांचे मूल आणि साठीच्या आई असतात. आणि आपण काय ठरवितो? दुसऱ्या रात्री काझा!

वैद्यकशास्त्राने ह्यासाठी सोपा नियम घालून दिला आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याच्या जागेची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तेथेच काढावा. दिवसा कितीही वर जाऊन यावे. महत्त्व आहे ते उशीच्या उंचीला. रात्री उशीला डोके टेकल्यावर ते दुखू लागले, मळमळले, जेवण नकोसे झाले, झोप लागेना, तर ह्याला प्रवासाचा शीण समजू नये. ही तुटीची पहिली खूण आहे. त्या अवस्थेत आणखी वर चढू नये. बसल्या जागी धाप लागू लागली, पावले अडखळू लागली, बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर औषध शोधीत बसण्यापेक्षा त्याच क्षणी खाली उतरायला लागावे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी, आणि तान्ही मुले घेऊन जाणाऱ्यांनी, निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता हाच बेत उशीच्या उंचीने मांडून पाहा. पहिली मजल सिमला. दुसरी सराहान, तेथे भीमाकालीचे लाकूड-दगडाचे सुंदर देऊळ आहे; उंची २,१०० मीटरच्या जवळपास, म्हणजे रात्र सिमल्याहून अधिक उंचीवर नाही. तिसरी कल्पा, २,९०० मीटर. समोर किन्नर-कैलासाची रांग. येथे दोन रात्री राहावे, सफरचंदांच्या बागांतून हिंडावे, आणि शरीराला त्याचे काम करू द्यावे. त्यानंतर सतलज सोडून स्पिती नदीच्या काठाने वर शिरायचे. वाटेत ३,६०० मीटरवरचे नाको गाव लागते. ते पाहावे, पण तेथे न राहता पुढे ताबोला उतरून झोपावे, कारण ताबो ३,२८० मीटरवर आहे. ताबोचा विहार सन ९९६ मधला. त्याच्या मातीच्या भिंतींवर जी चित्रे आहेत त्यांमुळे त्याला हिमालयातील अजिंठा म्हणतात. १९७५ च्या भूकंपाचा धक्का सोसूनही त्या भिंती उभ्या आहेत. ताबोहून काझा पन्नास किलोमीटरच्या आत. तेथे दोन रात्री, आणि मग भल्या पहाटे निघून ४,५५१ मीटरची कुंझुम खिंड ओलांडायची. पलीकडे चंद्रा नदीच्या काठचा खडबडीत रस्ता, आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी उघडलेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनाली. मनालीहून दिल्ली पाचशे किलोमीटरच्या वर आहे, म्हणून मध्ये आणखी एक मुक्काम. दहा-अकरा दिवस झाले. पाच दिवसांचा बेत अकरा दिवसांचा झाला म्हणून कोणी हिरमुसेल. परंतु आता तो प्रवास झाला, आधी ती नुसती शर्यत होती.

हीच वाट उलट्या बाजूने, म्हणजे मनालीकडून, घेतली तर दुसऱ्या-तिसऱ्याच दिवशी माणूस काझ्याला जाऊन पडतो आणि बहुधा तेथे डोके धरून बसतो. म्हणून किन्नौरकडून हळूहळू चढणे हाच शहाणपणाचा मार्ग. काळ निवडायचा तर गणेशविसर्जनापासून दसऱ्यापर्यंतचा बरा : पाऊस ओसरलेला असतो, आकाश धुऊन निघालेले असते, आणि कुंझुम अजून बर्फाने बंद झालेली नसते. तरीही निघण्याच्या आधल्या दिवशी रस्त्याची खबर घ्यावी, आणि रोज सकाळी मुक्कामाच्या गावात पुन्हा घ्यावी. मोबाइलमधला नकाशा रस्ता आहे एवढेच सांगतो; तो आज चालू आहे की नाही, हे समोरून आलेला ट्रकवाला सांगतो.

ज्याला एवढी रजा नाही, त्याने काय करावे? त्याने वाट कापून आखूड करावी, मुक्काम कापू नयेत. चार दिवस असतील तर नारकंड्यापर्यंत जावे आणि देवदारांत दोन रात्री राहून परतावे. तीनच असतील तर गढवालमधले लॅन्सडाउन आहे, कसौली आहे. मोठी वाट घाईने पाहणाऱ्यापेक्षा लहान वाट निवांतपणे पाहणारा अधिक पाहतो, हा अनुभव कोणत्याही वारकऱ्याला विचारावा.

तिसरी गोष्ट यंत्राची आणि चालकाची. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी मिस्त्रीकडून ब्रेक, चाके, स्टेपनी आणि इंजिनाचे पाणी तपासून घ्यावे. आदल्या रात्री तपासण्यात अर्थ नाही, कारण दोष सापडला तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. उतारावर ब्रेकवर पाय रोवून बसू नये. ज्या गिअरमध्ये चढण चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीला धरून ठेवते. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आणि तापलेले ब्रेक नेमक्या वेळी दगा देतात. किन्नौरमध्ये पोवारीला टाकी भरून घ्यावी, थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी. आणि रात्री दोनला निघण्याची जी पद्धत दिल्लीत रूढ झाली आहे, ती सोडून द्यावी. वाहतूक टळते हे खरे. पण रात्रभर जागलेला चालक दुपारी, जेवण झाल्यावर, नेमका घाटाच्या वळणांवर असतो. डोंगरात पहाटे निघावे आणि सूर्य डोंगराआड होण्यापूर्वी थांबावे. ह्याला आणखी एक कारण आहे. कुंझुमपलीकडचे ओढे बर्फाच्या पाण्यावर वाहतात. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी उन्हे चढली की दुपारी गुडघ्याला लागते.

रस्त्याच्या नियमांत एक नियम मला फार आवडतो. अरुंद घाटात दोन वाहने समोरासमोर आली, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असे आपल्या मोटार कायद्याखालच्या नियमांत लिहिले आहे. चढणारा थांबला तर त्याला पुन्हा गती घेणे कठीण जाते, हे त्याचे यांत्रिक कारण. पण त्या नियमात एक माणुसकीही आहे. आणि ती वाहनांपुरती ठेवू नये. हे रस्ते ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने बांधले आणि राखले. त्यांवर खडी फोडणारे मजूर झारखंडातून, बिहारातून, नेपाळातून येतात आणि उन्हाळाभर रस्त्याच्या कडेला पालांत राहतात. त्यांच्या जवळून जाताना वेग कमी करावा, म्हणजे त्यांच्या भाकरीवर धूळ उडणार नाही. ज्याला आपण देखावा म्हणतो, ते कोणाचे तरी घर आहे. काझ्याच्या परिसरात पाणी थोडे आहे, आणि आपण टाकलेली प्लॅस्टिकची बाटली तेथून खाली नेणारे कोणी नाही. जे भरलेले नेले ते रिकामे परत आणावे.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. शाळेत बेरीज शिकताना आपण हातचा धरायला शिकलो. हातचा विसरला की सारी बेरीज चुकते, मग वरचे आकडे कितीही सुबक असोत. डोंगराच्या प्रवासाच्या बेरजेत एक दिवस हातचा धरलाच पाहिजे. त्या दिवसावर कोणतेही स्थळ लिहायचे नाही, कोणतीही खोली राखायची नाही. रस्ता बंद झाला तर तो दिवस. मुलाला ताप आला तर तो दिवस. कुंझुमवर ढग उतरले तर तो दिवस. आणि हा दिवस मागायचा तो रजेच्या अर्जात, येथे दिल्लीत, मेजाशी बसून. घाटात अडकल्यावर मागितलेला दिवस मिळत नाही, कारण तेथे साहेब ऐकायला नसतो आणि दरडीला अर्ज करता येत नाही. ज्याच्याजवळ हातचा दिवस नाही, त्याची बुधवारची कचेरी घाटात त्याच्या शेजारी येऊन बसते. ‘एवढ्याने काय होते, निघू या,’ असे तीच सांगते. अंधारात, पावसात, दुखत्या डोक्याने गाडी पुढे काढायला तीच लावते.

आर. के. पुरमपासून थोड्या अंतरावर बेनितो हुआरेझ मार्गावर भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानची वास्तू आहे. हिमालयाची शिखरे चढणारी मंडळी तेथे येतात-जातात. त्या लोकांचा एक परिपाठ आपण उचलण्यासारखा आहे. शिखरावर निघताना ते परत फिरण्याची वेळ आधी ठरवितात; ती वेळ झाली की शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी मागे वळतात. हा निर्णय ते खाली, शांत डोक्याने घेतात, कारण वर गेल्यावर डोके शांत राहत नाही हे त्यांना ठाऊक असते. आपल्या मोटारीच्या प्रवासालाही असाच एक ठराव घरीच करून घ्यावा : वाटेत कोणी एकानेही ‘आता पुरे, परत फिरू’ म्हटले, तर गाडी वळवायची, आणि त्याबद्दल नंतर त्याला कधी बोल लावायचा नाही. हा अधिकार चालकाला नको. त्याला चाकाचा मोह असतो. तो मागच्या आसनावर बसलेल्या आईला असावा, कारण आपल्या घरांतून आई सर्वांच्या आनंदासाठी स्वतःचे दुखणे लपवीत असते. तिने लपवू नये म्हणून तिला तो अधिकार निघण्यापूर्वी, सर्वांच्या देखत द्यावा लागतो.

आमच्या त्या तरुण मित्राने आपला पंधरा ऑगस्टचा बेत पुढे ढकलला आणि दसऱ्याच्या सुमाराची बारा दिवसांची रजा मागितली. अकरा दिवस वाटेचे, एक हातचा. त्यांच्या प्रवासात रस्ता कोठे अडला नाही, त्यामुळे तो दिवस शिल्लक राहिला. मी विचारले, “मग त्या दिवसाचे काय केले?” तो म्हणाला, “काका, ताबोलाच राहिलो. आई विहाराच्या भिंतीला टेकून दिवसभर उन्हात बसली होती. घरी आल्यापासून ती त्याच दिवसाचे बोलते.”